लेफ्ट हँड जीपचा उजवा इशारा

महायुद्धातली विलीज जीप घेऊन नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर उजवीकडे वळायचं असेल, तर चालकाचा हात काही कामाचा नाही. या जीपचं स्टिअरिंग डावीकडे. म्हणजे चालक दुभाजकापासून सगळ्यात लांब, फुटपाथला खेटून बसलेला. त्याने बाहेर काढलेला हात कडेच्या झाडांना छान दिसतो. मागून सुसाट येणाऱ्या गाडीला त्यातून काही कळत नाही. उजवीकडे वळायची खूण करायला शेजारी कुणीतरी बसलेलं पाहिजे आणि त्याने वेळेवर हात काढला पाहिजे. आमच्या मित्राच्या घरी हे खातं बरीच वर्षं वहिनींकडे होतं.

कायद्याने ही अडचण ओळखलेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२० नुसार डाव्या स्टिअरिंगचं वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवायचं, तर त्यावर इशारा देणारं यांत्रिक किंवा विजेवरचं साधन चालू स्थितीत हवंच. उजव्या स्टिअरिंगच्या जुन्या गाडीचा मालक हवालदाराशी 'मी हात दाखवतो की' म्हणून वाद तरी घालू शकतो. लेफ्ट हँडवाल्याला तीही सोय नाही.

जीप १९४४ सालची, मालक म्हणजे हाच नेरुळचा मित्र आणि इंडिकेटर बसवताना त्याची अट एकच: पत्र्याला नवं भोक पडता कामा नये. काम गेलं तुर्भ्याच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. एपीएमसीत येणाऱ्या ट्रक-टेम्पोंच्या वायरिंगवर या मिस्त्रींची हयात गेली. त्यांना हे सगळं प्रकरण सुरुवातीला चोचले वाटलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "साहेब, मडगार्डवर दोन दिवे मारतो, मागे दोन मारतो, चहा पिऊन होईपर्यंत गाडी घेऊन जा." त्यांचं गणित चूक नव्हतं. पण या जीपची सगळी ओळख तिच्या सपाट मडगार्डांत आणि पुढच्या नऊ फटींच्या जाळीत आहे. तिथे प्लॅस्टिकचे पिवळे दिवे उभे केले, की ती जत्रेतल्या फोटो स्टुडिओतली जीप दिसायला लागते. मालकाने हे समजावून सांगितलं, मिस्त्रींनी जीपभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि मग त्यांना त्यात रस वाटू लागला.

गाडीच्या अंगावर दिवा दिसू नये, पण रस्त्यावर इशारा दिसावा, हे दुखणं अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांचं जुनं आहे. १९३२ ची फोर्ड घ्यायची, मडगार्डं उतरवायची, इंजिन तगडं करायचं, पत्रा गुळगुळीत करायचा. या नादात वाढलेल्या गाड्यांना कारखान्यातून इंडिकेटर आलेलेच नव्हते. लुकलुकणारे इंडिकेटर कारखान्यातूनच बसवून द्यायला ब्यूकने सुरुवात केली ती १९३९ च्या गाड्यांपासून. मग या मंडळींनी युक्त्या काढल्या. कुणी हेडलाइटच्या वाटीत पिवळा बल्ब दडवला, कुणी जाळीमागे, तर कुणी मागचा लाल ब्रेकलाइटच लुकलुकवून वेळ भागवली. यातली शेवटची युक्ती आपल्याकडे चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०२ ला पिवळाच, म्हणजे अंबर रंगाचा उजेड लागतो आणि तो मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा.

जीपला हॉट रॉडपेक्षा एक गोष्ट जास्त मिळालेली आहे, ती म्हणजे तिचे ब्लॅकआउटचे दिवे. समोर हेडलाइटच्या खाली दोन छोटे गोल दिवे असतात. त्यांच्या तोंडावर झाकण आणि झाकणाला चिंचोळी फट. रात्री ताफा चालला असताना समोरच्याला जीप जाणवावी, पण वरून विमानातल्याला उजेड दिसू नये, म्हणून ही रचना. मागच्या ब्लॅकआउट दिव्यांची हुशारी तर आणखी पुढची. त्यांच्या फटी अशा कापलेल्या, की मागून येणारा चालक फार लांब असेल तर त्याला उजेडाचा एकच ठिपका दिसतो, ठरलेल्या अंतरात आला की दोन आणि फारच जवळ आला की चार. अंतर राखायला शिकवणारा दिवा! सायन-पनवेल महामार्गावर आज असं काहीतरी सक्तीचं करायला हरकत नाही.

म्हणजे मिस्त्रींना लपायची जागा आयती मिळाली. मात्र ती जागा ज्या दिव्याची होती, तो मुळात न दिसण्यासाठीच केलेला होता. आता त्याच भोकातून एनएमएमटीच्या बसचालकाला भर दुपारी कळेल असा इशारा द्यायचा होता.

पुढचं काम त्या मानाने सरळ झालं. झाकणाचे स्क्रू गंजून एकजीव झालेले. त्यांवर घासलेटाचे थेंब सोडून ते मुरू दिले, मग स्क्रूड्रायव्हर बसवून हातोडीची हलकी टिचकी, आणि स्क्रू अर्धा वळसा सुटला. तिथे जोर करायचा नाही. पुन्हा आत वळवायचा, परत बाहेर, असं खेळवत काढायचा. जोर केला तर खाच जाते आणि मग ड्रिल, म्हणजे अट मोडली. आतला होल्डर दाबून फिरवायच्या जुन्या पद्धतीचा. त्याच मापाच्या टोपीचा पिवळा एलईडी बल्ब त्यात चपखल बसला. फटीचं झाकण काढून पिशवीत घातलं, त्यावर चिठ्ठी लावली, आणि त्याच्या जागी मूळ कड्यात साधी पारदर्शक काच बसवली. बल्ब बंद असताना तिथे काही आहे हे कळत नाही, पेटला की काच पिवळी होते. वायर जुन्या वायरिंगच्या कापडी वेष्टणाला समांतर, मूळच्याच रबरी बुचातून आत नेली.

इथे कुणीही विचारेल की एलईडी कशाला, जुन्या गाडीला जुना बल्ब का नको? उत्तर बॅटरीत आहे. ही जीप सहा व्होल्टची. इंडिकेटरचा नेहमीचा बल्ब २१ वॅटचा असतो. बारा व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर ओढतो, सहा व्होल्टवर साडेतीन. एका बाजूचे पुढचा-मागचा धरून सात अँपिअर झाले. वाशीच्या सिग्नलला इंजिन मंद चालू असताना डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, कटआउट उघडलेला असतो, आणि हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर असा सगळा संसार एकट्या बॅटरीवर. रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये असे पाच-सहा सिग्नल लागले की सेल्फ मारताना बॅटरी हात टेकते. एलईडीचे दोन दिवे मिळून चार-पाच वॅटच खातात.

पण बाजारात मिळणारे बहुतेक एलईडी आणि फ्लॅशर बारा व्होल्टचे. काहीजण यावर उपाय म्हणून अख्खी गाडीच बारा व्होल्टवर नेतात: डायनॅमो काढून अल्टरनेटर, नवी कॉइल, नवे बल्ब. मला ते पटत नाही. चार दिव्यांसाठी गाडीचं रक्त बदलायची गरज काय? मिस्त्रींनी लॅमिंग्टन रोडवरून काड्यापेटीएवढं एक बूस्टर मॉड्यूल मागवलं. सहा व्होल्ट आत, बारा बाहेर, आणि फक्त इंडिकेटरच्या सर्किटपुरतं. त्याच्या आधी एक फ्यूज. सगळं डॅशबोर्डच्या मागे, जुन्याच बोल्टला पट्टीने अडकवलं. विलीजला निगेटिव्ह अर्थ आहे, म्हणून हे इतकं सोपं गेलं. पॉझिटिव्ह अर्थच्या जुन्या इंग्लिश गाडीला हेच मॉड्यूल तसंच जोडलं तर धूर निघेल.

फ्लॅशरचाही एक धडा आहे. जुना गोल डब्यासारखा फ्लॅशर तापण्यावर चालतो: दोन्ही बल्बचा करंट आतून जातो, पट्टी तापून वाकते, जोड सुटतो, थंड होते, पुन्हा जुळतो. एलईडीचा करंट इतका कमी, की पट्टी तापतच नाही. दिवा पेटतो आणि नुसता पेटूनच राहतो. त्यावर जाड रेझिस्टर जोडून खोटा भार द्यायचा सल्ला कुणीतरी देतंच. म्हणजे वीज वाचवायला एलईडी लावायचे आणि वाचलेली वीज रेझिस्टर तापवायला घालवायची. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा आणि मोकळं व्हावं.

सगळं जोडून मिस्त्रींनी स्विच डावीकडे टाकला, आणि चारही दिवे एकदम लुकलुकायला लागले. उजवीकडे टाकला, तरी चारही. पोरगा हेल्पर हसायला लागला. मिस्त्रींनी टेस्ट लॅम्प उचलला, दोन ठिकाणी टेकवला आणि थेट डॅशबोर्डवरच्या बारीक पायलट दिव्याकडे बोट दाखवलं. हा दिवा एकच, आणि जुन्या पद्धतीप्रमाणे त्याची एक तार डाव्या सर्किटला, दुसरी उजव्या. डावी बाजू पेटली की पायलटचा करंट उजव्या बाजूच्या बल्बमधून अर्थ गाठतो. साध्या बल्बची तार त्या चिमूटभर करंटने पेटत नाही. एलईडीला मात्र तेवढाही पुरतो. "ट्रकमध्ये पण येतो हा लफडा, एलईडी लावले की," मिस्त्री म्हणाले. मग १एन४००७ नावाचे दोन डायोड, प्रत्येक बाजूकडून एक, दोन्ही पायलटच्या एका टोकाला आणले आणि दुसरं टोक बॉडीला अर्थ केलं. डायोड करंटला एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे इकडचा तिकडे जायची वाट बंद झाली. डायोडला सोल्डर करून वर स्लीव्ह चढवली. नुसती टेप गुंडाळलेली मिस्त्रींना चालत नाही. पावसाळ्यात टेपचा गोंद सुटतो.

अर्थबद्दलही ते तितकेच कडक. खाडीच्या वाऱ्यात या शहरातला पत्रा लवकर गंज धरतो, आणि अर्थचा स्क्रू गंजला की दिवा मंद होतो किंवा भलताच दिवा मिणमिणतो. त्यांनी प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर दिली, चेसिसवरच्या जुन्या बोल्टखालचा रंग कानशीने घासून पत्रा लखलखीत केला, दातेरी वायसर घालून लग आवळला आणि वर व्हॅसलीन फासलं. दिवे जुळवायला जेवढा वेळ गेला, त्याहून जास्त या अर्थच्या कामात गेला असेल.

स्विचसाठी डॅशबोर्डखाली पट्टीला अडकवलेली साधी तीन ठिकाणांची खुंटी: मध्ये बंद, दोन्हीकडे चालू. वळण झाल्यावर ती आपोआप परत येत नाही, म्हणून जुन्या स्कूटरसारखा बझर जोडला. मालकाने तोंड वाकडं केलं. पण विसरलेला इंडिकेटर नसलेल्यापेक्षा घातक, कारण मागचा त्यावर विश्वास ठेवतो. बझर राहिला.

खरी परीक्षा मागच्या दिव्यांची झाली. मागे दोन छोटे दिवे, आणि त्यातल्या खालच्या ब्लॅकआउटच्या खणात पिवळा एलईडी दडवायचा बेत. संध्याकाळी शेडमध्ये फार सुंदर दिसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला गाडी उन्हात काढली, मिस्त्री वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन उभे राहिले, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला आणि ओरडले, "चालू करा ना साहेब!" चालूच होता.

इथे मालक अडला. रात्री दिसतो, दिवसा गाडी काढणारच नाही, असं सगळं बोलून झालं. अशा वेळी मिस्त्री वाद घालत नाहीत. त्यांनी मालकालाच त्या जागी नेऊन उभं केलं. मग नवा बेत ठरला. पिवळ्या एलईडीचे दोन चपटे दिवे, मागच्या पत्र्याच्या खालच्या कडेला, दोन्ही टोकांना. उजवीकडे स्टेपनी आणि डावीकडे पेट्रोलचा कॅन लटकतो, म्हणून आतल्या बाजूला चालणार नाही, अगदी टोकालाच हवेत. मूळच्याच बोल्टवर पट्टी, पट्टीला काळपट हिरवा रंग, पाणी निघायला दिव्याला खाली बारीक छिद्र. उभं राहून पाहिलं तर दिवे कडेच्या आड जातात. मागच्या गाडीत बसलेल्याच्या नजरेच्या उंचीवरून पाहिलं तर भर उन्हातही डोळ्यांत भरतात. लपवायचं ते दिव्याचं खोकं. उजेड लपवला तर तो दिवा नुसता शोभेचा.

पत्र्याला भोक न पाडण्याचा हट्ट केवळ हौसेचा नव्हता. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांपेक्षा जुनं, मूळ रूपात राखलेलं, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न केलेलं वाहन 'विंटेज' म्हणून नोंदवता येतं. नवीन नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए'. अशी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येते. आमच्या मित्राला ती नोंदणी करायची आहे. पिशवीतली झाकणं परत बसवली, मागच्या दोन पट्ट्या उतरवल्या, की जीप पुन्हा १९४४ ची.

रॅलीला जाता-येता मात्र पट्ट्या जागेवर असतात. नवी मुंबईत अशी जीप पुढे दिसली आणि तिच्या खालच्या कडेला पिवळं काही लुकलुकताना दिसलं, तर वेग कमी करा आणि अंतर ठेवा. तिला वळायला वेळ लागतो, तिचे ब्रेक नऊ इंची ड्रमचे आहेत, आणि तिचा चालक बसलाय डावीकडे. उजव्या बाजूने घुसणारा त्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.