मिशनरी परदेशी निघण्याआधी काय तयारी करत? अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या प्रवासाची गोष्ट



इतिहासाच्या पुस्तकात आपण एक वाक्य नेहमी वाचतो : 'ख्रिस्ती मिशनऱ्यांनी भारतात शाळा व छापखाने सुरू केले.' मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पण जरा थांबून विचार करा. हे लोक आले कुठून? घर सोडून हजारो मैल लांब जायचं म्हणजे तयारी काय केली असेल? भाषा कुठे शिकले? पैसे कोणी दिले? आईवडिलांनी पाठवलं कसं? वर्गात हे प्रश्न विचारून पाहा, मुलं लगेच जागी होतात.

यासाठी आपण एकच उदाहरण घेऊ आणि ते नीट समजून घेऊ. उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. ते म्हणजे 1812 साली अमेरिकेतून निघालेल्या पहिल्या मिशनरी तुकडीचं.

पहिली तयारी : ठरवणे आणि संस्था उभी करणे

1806 साली अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे काही विद्यार्थी प्रार्थनेसाठी एकत्र जमले होते. पाऊस आला म्हणून त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. परदेशात जाऊन ख्रिस्ती धर्माचा प्रसार करायचा, हा विचार तिथे पक्का झाला असं सांगतात. पुढे अँडोव्हरच्या धर्मशिक्षण विद्यालयातही हा विचार वाढत गेला.

पण नुसती इच्छा असून चालत नाही. त्या काळी अमेरिकेत परदेशी मिशनरी पाठवणारी संस्थाच नव्हती. म्हणून या तरुणांनी आपल्या चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे अर्ज ठेवला आणि 1810 मध्ये 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था स्थापन झाली. निवड करणे, वर्गणी जमवणे, जहाजाचे भाडे देणे, तिकडे गेल्यावर खर्चाला पैसे पाठवणे ही तिची कामं. म्हणजे बघा, प्रवासाची पहिली पायरी बॅग भरणे ही नव्हती. मागे राहून खर्चाची जबाबदारी घेणारी माणसं शोधणे, ही होती.

दुसरी तयारी : शिक्षण

ही सगळी मंडळी शिकलेली होती. बायबल मूळ ग्रीक व हिब्रू भाषांतून वाचण्याचं शिक्षण त्यांनी घेतलं होतं. पुढे भाषांतर करायचं तर ते लागणारच होतं. त्यांतल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल न्यूवेल या दोघांनी निघण्याआधी फिलाडेल्फियात वैद्यकाचे धडेही घेतले. परक्या देशात आपण आजारी पडू, शेजारी आजारी पडतील, तेव्हा दोन औषधं तरी देता आली पाहिजेत, हा साधा हिशेब होता. हे वैद्यक लक्षात ठेवा, शेवटी त्याचा संबंध येणार आहे.

एक तयारी मात्र तिथे होऊ शकली नाही, ती म्हणजे भाषेची. त्या वेळी अमेरिकेत बसून मराठी शिकण्याची काही सोयच नव्हती. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी 1805 मध्ये मराठीचं व्याकरण आणि 1810 मध्ये मराठी–इंग्रजी कोश छापला होता. तेही काम वैजनाथ शर्मा या पंडितांच्या मदतीमुळे झालं. भाषा शेवटी त्या भाषेच्या माणसांतच राहून शिकावी लागते, हे आपण शिक्षक तर रोजच अनुभवतो.

तिसरी तयारी : घरच्यांची

पालकहो, हा भाग खास तुमच्यासाठी.

या तुकडीतल्या अ‍ॅडोनायरम जडसन यांना अ‍ॅन हॅसेल्टाइन या तरुणीशी लग्न करायचं होतं. त्यांनी तिच्या वडिलांना पत्र लिहिलं आणि त्यात काहीही लपवलं नाही. तुमची मुलगी कदाचित या जन्मी पुन्हा दिसणार नाही, समुद्राचे धोके, उष्ण हवामान, गरिबी, अपमान, अगदी मृत्यूसुद्धा तिच्या वाट्याला येऊ शकतो, हे मान्य आहे का, असं त्यांनी सरळ विचारलं. वडिलांनी निर्णय मुलीवर सोपवला. ती गेली. दहा वर्षांनी, 1822 मध्ये, ती एकदा घरी येऊन गेली. पण 1826 मध्ये ब्रह्मदेशात तिचा अंत झाला.

दुसरी मुलगी हॅरिएट अ‍ॅटवुड. न्यूवेलशी लग्न करून निघाली तेव्हा ती फक्त अठरा वर्षांची होती. म्हणजे आज आपल्याकडे बारावीची परीक्षा देणारी मुलगी.

त्या काळी सुएझ कालवा नव्हता. तो 1869 मध्ये खुला झाला. जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं. एका पत्राचं उत्तर मिळायला बरेच महिने, कधी जवळजवळ वर्ष लागायचं. 'पोहोचल्यावर फोन कर' असं म्हणायची सोय नव्हती. त्यामुळे निरोप देणं म्हणजे खरोखरच निरोप देणं होतं.

प्रवास आणि जी तयारी कोणीच केली नव्हती ती

6 फेब्रुवारी 1812 रोजी सेलम शहरातल्या चर्चमध्ये पाच जणांना दीक्षा मिळाली : हॉल, जडसन, न्यूवेल, नॉट आणि राइस. त्याच महिन्यात दोन जहाजांतून ही मंडळी निघाली. जडसन आणि न्यूवेल ही दोन जोडपी 'कॅरव्हान' जहाजाने जूनमध्ये कलकत्त्याला पोहोचली. हॉल, राइस आणि नॉट पतिपत्नी 'हार्मनी' जहाजाने ऑगस्टमध्ये आले.

आणि इथेच मोठी अडचण उभी राहिली. भारतात तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य होतं. कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्माच्या कारणावरून लोक बिथरले तर व्यापार आणि सत्ता दोन्ही धोक्यात येतील, अशी तिची भीती होती. त्यात भर म्हणजे जून 1812 मध्येच अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं. आता हे पाहुणे नुसते नकोसे उरले नाहीत, तर शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. 'परत जा' असा हुकूम निघाला.

तुकडी फुटली. जडसन ब्रह्मदेशात गेले. राइस अमेरिकेला परतले. न्यूवेल दांपत्य मॉरिशसला निघालं. वाटेत समुद्रावरच हॅरिएटला बाळ झालं आणि ते काही दिवसांतच गेलं. 30 नोव्हेंबर 1812 रोजी मॉरिशसमध्ये हॅरिएटही गेली. वय एकोणीस. ज्या कामासाठी ती निघाली होती, ते सुरूसुद्धा झालं नव्हतं.

हॉल आणि नॉट मात्र फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला आले. इथेही परत पाठवण्याचा हुकूम झाला. दोघं निसटून कोचीनपर्यंत गेले, तिथून त्यांना परत मुंबईत आणलं गेलं. त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे कळकळीने अर्ज केले. अखेर त्यांना राहू दिलं गेलं.

शिक्षकांनी इथे एक दुवा जरूर जोडावा. याच 1813 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने नवा सनदी कायदा केला. त्यातलं शिक्षणासाठी वर्षाला 1 लाख रुपयांचं कलम आपण मुलांना शिकवतो. त्याच कायद्याने मिशनऱ्यांना भारतात येण्याचा परवान्याचा मार्गही खुला केला. दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या की मुलांच्या डोक्यात तो कायदा पक्का बसतो.

खरी तयारी इथे आल्यावर सुरू झाली

मुंबईत या लोकांनी पहिलं काम काय केलं? मराठी शिकायला बसले. रस्त्यावर, बाजारात लोकांशी बोलू लागले. 1815 च्या सुमारास शाळा सुरू झाल्या. 1816 मध्ये छपाईचं काम जाणणारे होरेशियो बार्डवेल आले आणि लवकरच मराठी पुस्तिका छापून निघू लागल्या. 1824 मध्ये मुंबईत मुलींची शाळा निघाली. 1826 मध्ये नव्या कराराचं मराठी भाषांतर छापून झालं.

आता संस्थेलाही अनुभवातून शहाणपण आलं होतं. मुलींच्या शाळा चालवायच्या तर अनुभवी शिक्षिका हवी, हे तिला कळलं. म्हणून 1827 मध्ये सिंथिया फरार यांना पाठवण्यात आलं. त्या अविवाहित होत्या आणि अमेरिकेत शिक्षिका म्हणून काम करत होत्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक. मुंबईनंतर त्यांनी अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. या शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते. सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण फरारबाईंकडे घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे एका शिक्षिकेने न्यू हॅम्पशायरमधून निघताना केलेली तयारी कुठपर्यंत पोहोचली पाहा!

आणि गॉर्डन हॉल? 1825 मध्ये त्यांची पत्नी मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांना घेऊन अमेरिकेला गेली. हॉल इथेच थांबले. मार्च 1826 मध्ये ते नाशिकला गेले असता तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधं त्यांनी आजाऱ्यांना दिली. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकी झाली आणि 20 मार्च 1826 रोजी एका गावात त्यांचा मृत्यू झाला. वय एकेचाळीस. फिलाडेल्फियात शिकलेलं थोडंसं वैद्यक दुसऱ्यांच्या उपयोगी पडलं, ते असं.

वर्गात हे कसं शिकवाल?

एक गोष्ट स्पष्ट ठेवा. ही मंडळी मुख्यतः धर्मप्रसारासाठी आली होती. शाळा, औषधं, छापखाना ही त्या हेतूची साधनंही होती. इथल्या अनेक लोकांना त्यांचा उपदेश पटला नाही, काहींना रागही आला, आणि सुरुवातीच्या वर्षांत धर्मांतरं फारच थोडी झाली. शाळांचा फायदा मात्र धर्म न बदलणाऱ्यांनीही घेतला. मुलांना दोन्ही बाजू सांगा. नुसते देवदूत किंवा नुसते कावेबाज असं चित्र काढू नका. ती माणसं होती, आणि आपल्या श्रद्धेपायी मोठी किंमत मोजायला तयार होती.

मुलांना पुढील कामं देता येतील :

1. जगाच्या नकाशावर सेलम, केप ऑफ गुड होप, कलकत्ता, मॉरिशस, कोचीन आणि मुंबई दाखवून प्रवासाची रेघ ओढा.

2. आज कोणी मिशन-सेवेसाठी परदेशी निघाला तर काय तयारी करेल, याची यादी करा : पासपोर्ट, योग्य प्रकारचा व्हिसा, विमा, लसीकरण, भाषेची ओळख. उदाहरणार्थ, आफ्रिकेतल्या अनेक देशांत जाताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं आणि ती लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. भारतातही मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा असतो. पर्यटक म्हणून येऊन ते काम करता येत नाही. 1812 ची परवानगीची अडचण आजही आहेच, फक्त तिला आता नियमांचं रूप आलं आहे.

3. हॅरिएटच्या आईला तिने कलकत्त्याच्या वाटेवरून काय लिहिलं असतं? किंवा आईने तिला काय लिहिलं असतं? एक काल्पनिक पत्र लिहा.

तिसरं काम पालकांनीही घरी करून पाहावं. आपलं मूल शिक्षणासाठी, नोकरीसाठी वा सेवेसाठी लांब जाणार असेल, तर आपण बॅगेचं वजन चारदा तपासतो. पण तिथली भाषा येते का, तिथल्या लोकांचं ऐकून घेण्याची सवय आहे का, आजारी पडल्यावर कोणाला हाक मारायची हे ठरलंय का, आणि धोके आपण मुलाशी मोकळेपणाने बोललोय का, हे विचारायचं राहून जातं. जडसन यांनी होणाऱ्या सासऱ्यांना सगळे धोके आधीच लिहून कळवले होते. निदान तेवढा खरेपणा आपल्या तयारीत असावा.

हा लेख वर्गात वापरलात तर मुलांनी लिहिलेली पत्रं जपून ठेवा. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेपेक्षा त्यांतून मुलं जास्त कळतात.