मूल बोलूं लागतें तेव्हां

(नभोवाणीवरील भाषण)

गेल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशीं यवतमाळच्या आमच्या घरांत एक लहानसा समारंभ झाला. पाहुणे कोणी नव्हते, आणि निमंत्रणेंही कोणाला गेलीं नव्हतीं. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीं बसलेल्या अकरा महिन्यांच्या आमच्या मुलीनें खिडकींत येऊन बसलेल्या कावळ्याकडे बोट केलें आणि ती म्हणाली, "ताऊ." सासूबाईंनीं हातांतील तिळाचें ताट खालीं ठेवलें, यजमान अर्धी दाढी तशीच टाकून बाहेर आले, आणि माझा गुळाचा पाक करपला. त्या पाकाबद्दल मला कोणी बोललें नाहीं.

आतां 'ताऊ' हा शब्द झाला कीं नुसता आवाज, अशी शंका एखादा चिकित्सक श्रोता घेईल. ती रास्त आहे. मुलाच्या तोंडून निघालेला प्रत्येक ध्वनि शब्द नसतो. एकाच वस्तूसाठीं, आपण होऊन, पुन्हां पुन्हां तोच ध्वनि मूल वापरूं लागलें, म्हणजे तो शब्द. मग तो मोठ्या माणसांच्या कोशांत असो वा नसो. दुसऱ्या दिवशीं बोरनहाणाच्या गडबडींत तिनें पाटावरच्या चित्रांतील कावळ्यालाही 'ताऊ' म्हटलें, तेव्हां आमची खात्री पटली. 'क'च्या जागीं 'त' येणें हें तर या वयांत अगदीं ठरलेलें. जिभेचा शेंडा दातांमागें टेकणें तिला सोपें वाटतें, जिभेची मागची बाजू उचलणें अवघड. म्हणून काकांचे 'ताता' होतात. पुढें 'र' यायला वेळ लागतो आणि राम कित्येक महिने 'लाम' राहतो.

आपल्याकडे लहान मुलाच्या प्रगतीचे सोहळे पुष्कळ आहेत. बारसें, उष्टावण, जावळ, बोरनहाण. पुढें अक्षरें गिरवायला बसविण्याचाही विधि आहे. पण पहिल्या शब्दाचा संस्कार मात्र कोठें आढळत नाहीं. त्याची तिथि आगाऊ काढतां येत नाहीं, हेंच बहुधा त्याचें कारण असावें. मात्र बृहदारण्यक उपनिषदांत एक गोष्ट सांगितली आहे. मूल जन्मल्यावर बापानें त्याच्या उजव्या कानाशीं तोंड नेऊन वाणीचें नांव तीनदां उच्चारावें, असा तेथें विधि आहे. बोलण्याचा आरंभ तोंडाशीं न करतां कानाशीं करणाऱ्या त्या ऋषीला काय अभिप्रेत होतें तें मला ठाऊक नाहीं. परंतु गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांना जें दिसून आलें तें याच्याशीं चांगलें जुळतें.

१९८० सालीं अमेरिकेंत डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनीं असें दाखविलें कीं, जन्मून तीन दिवसही न झालेलें मूल परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षां आपल्या आईचा आवाज अधिक पसंत करतें. चोखणी विशिष्ट प्रकारें चोखली तर आईचा आवाज ऐकूं येईल, अशी योजना त्यांनीं केली होती, आणि मुलें तशी चोखूं लागलीं. त्यापूर्वीं १९७१ मध्यें आयमस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक आणि चार महिन्यांच्या मुलांना 'ब' आणि 'प' यांतील भेद कळतो, हें सिद्ध केलें होतें. आणि १९८४ मधील एक प्रयोग तर आपल्या घरचाच वाटावा असा आहे. कॅनडांत जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनीं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुलांना हिंदींतील 'त' आणि 'ट' ऐकविले. इंग्रज माणसाला हे दोन ध्वनि एकच वाटतात. परंतु सहा-आठ महिन्यांच्या त्या मुलांना त्यांतला फरक स्पष्ट कळत होता. वर्ष भरत आलें तशी ती शक्ति मावळली, कारण घरांत त्या भेदाचा उपयोग नव्हता. म्हणजे पहिला शब्द उच्चारण्याआधींच मूल आपल्या भाषेचे ध्वनि निवडून घेतें आणि बाकीचे टाकून देतें. आपण ज्याला मुकें वर्ष म्हणतों, तें मुळीं मुकें नसतेंच.

त्या वर्षाचा क्रम साधारण असा. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास मूल हुंकार देऊं लागतें. सहाव्या ते दहाव्या महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' अशा माळा सुरू होतात. सहा ते नऊ महिन्यांच्या दरम्यान नित्याचे कांहीं शब्द त्याला समजूं लागतात. वर्षाच्या आगेंमागें बोट दाखविणें आणि पहिला शब्द येतो. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान दोन शब्द जोडून 'दूध दे', 'बाबा भूर' अशीं वाक्यें होऊं लागतात, आणि तोंवर शब्द पन्नासाच्या घरांत गेलेले असतात. चालण्याच्या बाबतींत तर अंतर आणखी मोठें. जागतिक आरोग्य संघटनेनें भारतासह पांच देशांतील मुलें पाहून २००६ सालीं जे आंकडे प्रसिद्ध केले, त्यांत निरोगी मुलें ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत केव्हांही एकटीं चालूं लागलेलीं दिसलीं. आणि शंभरांतील सुमारें चार मुलें हातगुडघ्यांवर रांगलींच नाहींत. शेजारणीच्या नातवाशीं आपल्या मुलाची तुलना करून झोंप घालविणाऱ्या भगिनींनीं हे आंकडे कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवावे.

मुलाच्या बोलण्याची नोंद ठेवण्याची हौस जुनी आहे. डार्विननें १८३९ मध्यें जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाची टिपणें ठेवलीं आणि तीं १८७७ सालीं प्रसिद्ध केलीं. तो मुलगा बरोबर वर्षाचा असतां खाण्यासाठीं 'मम्' असा शब्द स्वतःच बनवून वापरूं लागला, असें डार्विन लिहितो. विदर्भांतील कोणतीही आजी हें ऐकून हंसेल, कारण आपलें बाळही जेवणाला 'मंमं'च म्हणतें. तोंड दुधानें भरलेलें असतां नाकांतून निघूं शकतो तो 'म'च, आणि म्हणून आईचीं व अन्नाचीं नांवें पुष्कळ भाषांत या ध्वनीवर बेतलेलीं असतात, असें भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांचें म्हणणें होतें.

मुलांशीं बोलण्याची जी वेगळी भाषा मोठीं माणसें वापरतात, काऊ, चिऊ, माऊ, हम्मा, भूर, गाई, बाऊ, तिचाही अभ्यास झाला आहे, आणि त्यांत मराठीला मानाचें स्थान आहे. पुण्याचे भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनीं मराठींतील या बालबोलीवर १९६४ सालीं एक निबंध लिहिला. त्याच वर्षीं अमेरिकन पंडित चार्ल्स फर्ग्युसन यांनीं सहा भाषांतील बालबोलींची तुलना केली, त्यांतही मराठी होती. 'मुलाशीं शुद्धच बोलावें, नाहींतर तें बोबडें राहतें' असें सांगणारे सुशिक्षित पालक आपल्यांत पुष्कळ आहेत. ती भीति निराधार आहे. सोपे, दुहेरी, लयबद्ध शब्द मुलाचें लक्ष वेधून घेतात, आणि योग्य वेळीं मूल ते आपण होऊन सोडून देतें. पंचविशीच्या कोणत्या गृहस्थाला आपण 'मंमं' मागतांना ऐकलें आहे?

येथें आमच्या जिल्ह्यापुरती एक गोष्ट सांगितली पाहिजे. वऱ्हाडी बोलींत 'ळ'चा 'य' होतो. डोळ्याला 'डोया' आणि कावळ्याला 'कावया' म्हणतात. 'मला'चें 'मले' होतें. शहरांतील घरांत काम करणाऱ्या बाईंच्या अंगाखांद्यावर खेळलेलें मूल 'मले पायजे' म्हणूं लागलें, कीं आयांच्या कपाळाला आंठ्या पडतात. माझ्याही पडल्या होत्या. परंतु 'ताऊ' हा बोबडेपणा आहे, 'कावया' हा नाहीं. तो मोठ्या माणसांचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा उच्चार आहे, आणि मुलानें तो जसा ऐकला तसा अचूक घेतला आहे. त्याच्या कानाला शाबासकी द्यावयाची कीं जिभेला दटावावयाचें?

हाच प्रश्न झरी-जामणी, केळापूर किंवा मारेगांवकडे गेलें म्हणजे अधिक गंभीर होतो. कोलाम पोडावरील मूल कोलामी ऐकत वाढतें. ती द्राविडी कुळांतली भाषा. मराठीशीं तिचें नातें शेजाराचें आहे, रक्ताचें नाहीं. पुसद, दिग्रसकडच्या तांड्यांवर मुलें बंजारा बोली बोलतात, आणखी कोठें गोंडी. हीं मुलें तीन वर्षांचीं होऊन अंगणवाडींत येतात आणि गप्प बसतात. तेव्हां 'मूल मंद आहे' हा शेरा फार लवकर मारला जातो. दोन भाषांत वाढल्यानें मूल बोलण्यांत मागें पडत नाहीं, हें आतां पुरेसें सिद्ध झालें आहे. मात्र त्याचे शब्द मोजतांना दोन्ही भाषांतले मिळून मोजावे लागतात. घरीं तें काय काय बोलतें, हें आईला विचारल्याशिवाय त्या मौनाचा अर्थ लावूं नये. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं, अनुताई वाघ यांना बरोबर घेऊन, आतांच्या पालघर जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम सुरू केलें. तेथें आणि पुढें कोसबाडला, मुलाच्या घरापासून व परिसरापासून आरंभ करावयाचा, हेंच त्यांचें सूत्र होतें. ताराबाईंचीं कांहीं वर्षें अमरावतीस गेलीं होतीं, म्हणून आम्हां वऱ्हाडकरांना त्यांच्याबद्दल थोडा अधिक आपलेपणा वाटतो.

आतांपर्यंत मी आनंदाचें बोललें. परंतु अकरा महिन्यांच्या मुलीच्या एका शब्दासाठीं आमच्या घरानें पाक कां करपूं दिला, तें सांगितल्यावांचून हें भाषण पुरें होणार नाहीं.

आमचा थोरला मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. तिसऱ्या महिन्यांत त्यानें हुंकार दिले होते, इतर मुलांसारखेच. त्यामुळें आम्ही निर्धास्त राहिलों. जन्मतः ऐकूं न येणारें मूलही पहिल्या महिन्यांत असे हुंकार देतें, हें आम्हांला कोठें ठाऊक होतें? फरक पडतो तो पुढें. 'बाबाबा'च्या माळा त्याच्या तोंडून वेळेवर आल्या नाहींत. मुलगे उशिरांच बोलतात, असें सगळे म्हणत. एका दवाखान्यांतही आम्हांला हेंच सांगून परत पाठविण्यांत आलें. त्यांत सत्याचा अंश आहे, पण तो थोडा आहे. मुलगे सरासरीनें जरा मागें असतात खरे, परंतु तो फरक थोडक्या आठवड्यांचा, फार तर महिना-दोन महिन्यांचा.

मग तान्हा पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं मुलें सजविलेले लांकडी बैल घेऊन निघतात. गल्लींतील दहा-बारा मुलें रांगेनें चाललीं होतीं. कोणीतरी मागून एकाएकीं डफडें वाजविलें. सगळीं मुलें दचकून वळलीं, एक रडूं लागलें. आमचा मुलगा आपल्या बैलाची दोरी ओढीत तसाच पुढें चालत राहिला. सासूबाईंनीं माझा दंड घट्ट धरला. त्या कांहीं बोलल्या नाहींत, आणि मीही नाहीं.

तपासणी झाली. दोन्ही कानांनीं त्याला फारच थोडें ऐकूं येत होतें. तो तेव्हां दोन वर्षें चार महिन्यांचा होता.

मला सांगावयाचें आहे तें हें कीं, ही तपासणी जन्मानंतर दोनच दिवसांनीं होऊं शकते. झोंपलेल्या बाळाच्या कानांत मऊ टोंकाची लहानशी नळी ठेवतात. तींतून आवाज सोडला कीं निरोगी कान स्वतः एक अतिशय सूक्ष्म प्रतिध्वनि परत देतो, आणि यंत्र तो टिपतें. बाळाला कांहीं करावें लागत नाहीं, दुखत तर नाहींच. त्यांत शंका आली तर कानापासून मेंदूपर्यंत संदेश पोंचतो कीं नाहीं, हें पाहणारी दुसरी तपासणी करतात. महिन्याच्या आंत पहिली परीक्षा, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व शिक्षण यांचा आरंभ, असा दंडक तज्ज्ञांनीं घालून दिला आहे. सहा महिन्यांच्या आंत निदान झालेलीं मुलें भाषेंत पुष्कळच पुढें राहतात, असें १९९८ सालीं अमेरिकेंतील एका अभ्यासांत स्पष्ट दिसलें. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी योजिली आहे, आणि त्यांत बहिरेपणाचाही समावेश आहे. अंगणवाडीच्या सेविकेला विचारल्यास ती मार्ग दाखवील. विचारावें मात्र लागतें.

घरच्या घरीं लक्ष ठेवण्याजोग्या खुणा थोड्याच आहेत. दहा महिन्यांपर्यंत बडबडीच्या माळा नाहींत, वर्ष भरलें तरी बोट दाखविणें किंवा टाटा करणें नाहीं, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाहीं, दोन वर्षें झालीं तरी दोन शब्दांची जोड नाहीं. आणि कोणत्याही वयांत आलेले शब्द नाहींसे होणें. यांपैकीं एकही दिसल्यास 'बोलेल सावकाश' हें उत्तर कोणाकडूनही, आजीकडूनसुद्धां, स्वीकारूं नये. यांतील प्रत्येक मुलाला कांहीं दोष असतोच असें नाहीं. कित्येक मुलें खरोखरच उशिरां बोलतात आणि पुढें कोणाला ऐकत नाहींत. पण तें तपासणीनंतर म्हणावें.

थोरला आतां आठ वर्षांचा आहे. तो श्रवणयंत्र लावतो, ओंठांच्या हालचालींवरून पुष्कळसें ओळखतो, आणि त्याचें बोलणें आम्हां घरच्यांना सगळें व बाहेरच्यांना बरेचसें कळतें. धाकटीच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशीं तिचे कान तपासून घेतले. ते चांगले आहेत. आज ती दीड वर्षाची झाली असून तिच्या शब्दांची यादी मी वाणसामानाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहितें. काल एकोणतिसावा शब्द लिहिला. त्या यादींत न बसणारी एक गोष्ट मात्र तिची तीच शिकली आहे. बाबांना ती कोठूनही हांक मारते. भावाला कांहीं सांगावयाचें असलें, कीं ती त्याच्याजवळ जाते, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवते, तो वळून आपल्या तोंडाकडे पाहीपर्यंत थांबते, आणि मग म्हणते, "दादा."