सीताफळ खावे, बी मात्र कुटू नये

अशोक विजयादशमी जवळ आली की वाशिमच्या रस्त्यांवर सीताफळांच्या टोपल्या दिसू लागतात. मालेगाव तालुक्यातल्या बरड रानात हे झाड आपसूक येते. झाड कसले, झुडूपच म्हणा! त्याला वरून पाणी लागत नाही, त्याच्या पाल्याला शेळीही तोंड लावत नाही. मूळ ते अमेरिका खंडाचे. पण आज भूमिहीन घरच्या आयाबायांना दोन महिने त्याचाच आधार असतो.

फळ कधी तोडावे हे त्यांनाच विचारावे. डोळ्यांमधल्या रेषा पिवळसर झाल्या म्हणजे 'डोळे उघडले'. त्याआधी तोडलेले फळ नीट पिकत नाही, काळे पडते. पिकलेले दोन-तीन दिवसांत नासते. म्हणून संध्याकाळी उरलेला माल त्या मिळेल त्या भावात देऊन टाकतात. घासाघीस करताना आपण एवढे तरी ध्यानात ठेवावे.

पण भगिनींनो, आज आम्हाला बोलायचे आहे ते बियांबद्दल. मुलीच्या डोक्यात उवा झाल्या की वाळवलेल्या बिया कुटून तेलात कालवून लावायची चाल जुनी आहे. उवा मरतात, हे खरे. आमच्या नात्यातल्या एका शाळकरी मुलीला असाच लेप लावला होता. नहाताना तो डोळ्यांत गेला. रात्रीपर्यंत डोळे लाल झाले, उजेड सहन होईना. घरच्यांना वाटले, डोळे आले असतील. त्यात दोन दिवस गेले. डॉक्टरांनी सांगितले, बुबुळावरचा पारदर्शक पडदा सोलला गेला आहे. आठवडाभर औषध घालावे लागले. नजर वाचली, पण त्या आईचे ते दिवस आम्ही पाहिले आहेत.

बियांच्या गरात विष असते. अख्खी बी चुकून गिळली तर ती बहुधा तशीच पडून जाते. कुटलेली मात्र घातक. पूड डोळ्यांत गेलीच तर चोळू नये. पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी, त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि काय लावले होते ते न लाजता सांगावे.

उवांना बारीक दातांची फणी बरी. केस ओले करून, तेल लावून, दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी फणी फिरवावी, म्हणजे लिखांतून निघालेल्या उवाही सापडतात. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी पाहावीत, नाहीतर पुन्हा येरे माझ्या मागल्या.

आणि बिया? पावसाळ्यात बांधावर टोचाव्यात. तीन-चार वर्षांत फळ धरते.