तिसऱ्या क्लॅरिनेटचा स्वर
शालेय बँड महोत्सवातील विद्यापीठ वाद्यवृंदाचे कार्य

शाळेचा बँड म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर स्वातंत्र्यदिनाचे किंवा प्रजासत्ताकदिनाचे संचलन उभे राहते. ध्वजवंदन होते, मुले वर्गांत परततात आणि वाद्ये पुन्हा कपाटात जातात. अमेरिकेतील शाळांतून मात्र हीच फुंकून वाजविण्याची वाद्ये वर्षभर वेळापत्रकातील एक विषय म्हणून शिकविली जातात. वसंत ऋतूत या शाळांचे बँड महोत्सव भरतात व पुष्कळदा त्यांचे यजमानपद एखाद्या विद्यापीठाकडे असते. दिवसभर निरनिराळ्या शाळांचे बँड मंचावर येतात, परीक्षक त्यांच्या वादनावर टिपणे लिहितात आणि अखेरीस यजमान विद्यापीठाचा वाद्यवृंद आपले वादन सादर करतो. त्या वादनाला गुण नसतात व पारितोषिकही नसते. मग ते ठेवण्याचे प्रयोजन काय, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

सुषिर वाद्यवृंद म्हणजे काय?

आपल्या संगीतशास्त्राने वाद्यांचे तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे चार वर्ग केले आहेत. त्यांपैकी फुंकून वाजणारी ती सुषिर वाद्ये. विद्यापीठाच्या ज्या वाद्यवृंदाचा येथे विचार करावयाचा आहे, त्यात प्रामुख्याने हीच वाद्ये असतात. बासरीच्या जातीचे फ्लूट, सनईप्रमाणे दुहेरी पत्तीची ओबो व बसून, एकेरी पत्तीची क्लॅरिनेट व सॅक्सोफोन, तसेच ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम आणि ट्यूबा ही पितळी वाद्ये त्यात येतात. त्यांच्या जोडीला तालवाद्यांचा विभाग असतो. व्हायोलिनच्या कुळातील वाद्ये नसतात. अपवाद असलाच तर एखाद्या डबल बेसचा.

बँडमध्येही हीच वाद्ये असतात. मग दोहोंत फरक कोणता? तो वादकांच्या संख्येत आणि पर्यायाने त्यांच्या जबाबदारीत आहे. प्रत्येक वादकाच्या पुढ्यात त्याने वाजवावयाची लिखित स्वरपंक्ती असते. मोठ्या बँडमध्ये एकच स्वरपंक्ती पाच, सहा किंवा त्याहून अधिक वादक मिळून वाजवितात. पहिल्या क्लॅरिनेटकडे चाल असते. दुसऱ्या व तिसऱ्या क्लॅरिनेटकडे तिला आधार देणारे खालचे स्वर असतात. नवशिके विद्यार्थी बहुधा तिसऱ्या ओळीत बसविले जातात. तेथे एखाद्याचा स्वर चुकला किंवा त्याने फुंकर घातलीच नाही, तरी शेजाऱ्यांच्या आवाजात ते झाकले जाते. सुषिर वाद्यवृंदात शक्य तेथे एका स्वरपंक्तीस एकच वादक ठेवतात. तेथे कोणासही दुसऱ्याच्या आड लपता येत नाही.

परंपरा कशी घडली?

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतील शाळांतून बँडचा झपाट्याने प्रसार झाला. १९२३ साली शिकागो येथे शालेय बँडची राष्ट्रीय पातळीवरील पहिली मोठी स्पर्धा भरली. तिला वाद्ये बनविणाऱ्या उद्योगाचा पाठिंबा होता. शाळांत बँड वाढले तर वाद्यांचा खप वाढणार, हा हिशेब त्यामागे होता हे उघड आहे. तथापि या स्पर्धांमुळे लहान गावांतील शाळांनाही आपला बँड उत्तम व्हावा अशी उमेद लाभली. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथील शाळेच्या बँडने १९२६ ते १९२८ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले.

स्पर्धांच्या मर्यादाही लवकरच दिसू लागल्या. एक शाळा पहिली आली की उरलेल्या साऱ्या हरल्या, ही भावना मुलांच्या मनात घर करू लागली. ठरावीक दोन-तीन रचना वर्षभर घोटाव्यात आणि त्यांपलीकडे संगीत म्हणून काही ऐकूच नये, असेही घडू लागले. म्हणून पुढे अनुक्रमांकाऐवजी श्रेणी देण्याची पद्धत रूढ झाली. तीनुसार ठरलेल्या पातळीस पोहोचणाऱ्या सर्व बँडना प्रथम श्रेणी मिळू शकते. अनेक ठिकाणी पूर्वी न पाहिलेली रचना थोड्या वेळात वाचून वाजविण्याची चाचणीही ठेवली गेली.

विद्यापीठांनी या कामी घेतलेला पुढाकार महत्त्वाचा आहे. इलिनॉय विद्यापीठाच्या बँडची धुरा १९०५ पासून चार दशकांहून अधिक काळ वाहणारे ए. ए. हार्डिंग यांनी १९३० च्या सुमारास शालेय बँडशिक्षकांना विद्यापीठात पाचारण करून त्यांच्यापुढे नव्या रचना वाजवून दाखविण्याचा उपक्रम सुरू केला. विल्यम रेव्हेली यांनी इंडियाना राज्यातील होबार्ट या लहान गावी शाळेचा बँड नावारूपास आणला आणि १९३५ मध्ये ते मिशिगन विद्यापीठात गेले. तेथे १९७१ पर्यंत त्यांनी बँडचे नेतृत्व केले. शाळा आणि विद्यापीठ यांच्यामधील वाट ही अशी दोन्ही बाजूंनी रुळत गेली.

या वाटेला नवे वळण दिले ते फ्रेडरिक फेनेल यांनी. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठाच्या ईस्टमन संगीत विद्यालयात ते अध्यापक होते. आजारपणामुळे रुग्णालयात पडून असताना त्यांनी नव्या वाद्यवृंदाचा आराखडा मनाशी जुळविला आणि १९५२ मध्ये ईस्टमन सुषिर वाद्यवृंद स्थापन केला. संगीतकाराला हवा तो वाद्यमेळ उपलब्ध करून द्यावयाचा आणि वादक मोजकेच ठेवावयाचे, असे त्यांचे सूत्र होते. ८ फेब्रुवारी १९५३ रोजी झालेल्या पहिल्या कार्यक्रमात मोझार्टची तेरा वादकांसाठी असलेली रचना आणि हिंडेमिट यांनी १९५१ साली बँडसाठी लिहिलेली सिंफनी या दोहोंचा समावेश होता. पुढे अनेक विद्यापीठांनी हाच नमुना स्वीकारला.

श्रोत्यांत बसलेला विद्यार्थी काय शिकतो?

पहिली गोष्ट स्वरशुद्धीची. फुंकून वाजणाऱ्या वाद्यांचा स्वर हवेच्या तापमानानुसार बदलतो. वीस अंश सेल्सिअस तापमानास ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि दर अंशागणिक तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. त्यामुळे गार खोलीत जुळविलेले वाद्य मंचावरील दिव्यांच्या उष्णतेत चढते. नळीचा सरकता भाग थोडा बाहेर ओढून तो चढ कमी करता येतो. पण किती ओढावयाचा हे कानानेच ठरवावे लागते. ट्रम्पेटच्या तीन कळांचेही असेच आहे. पहिली कळ दाबता स्वर एका पूर्ण स्वराने उतरतो, दुसरीने अर्ध्या आणि तिसरीने दीड. परंतु पहिली व तिसरी एकत्र दाबल्यास स्वर अपेक्षेइतका उतरत नाही, कारण नळी जितकी लांब तितकी ती पुढे उतरविण्यास अधिक लांबी लागते. म्हणून कुशल वादक त्या क्षणी बोटाने तिसरी सरकती नळी किंचित पुढे करतो. समोर बसलेला शाळकरी ट्रम्पेटवादक ही हालचाल पाहतो आणि पुस्तकातील सूचना त्याला प्रथमच उमगते.

दुसरी गोष्ट ऐकण्याची. बँडमधील बहुतेक वाद्यांचा मूळ स्वर आपल्या पेटीच्या भाषेत काळी पाच असतो. त्या स्वरावर जुळवून घेतले म्हणजे काम संपले असे नव्हे. तानपुरा उत्तम जुळला असता खर्जाच्या तारेतून जो गंधार उमटतो, तो पेटीच्या पट्टीवरील गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, हे आपल्या गायकांना ठाऊक आहे. वाद्यवृंदातील स्वरसंगतीचेही हेच आहे. षड्ज व पंचम स्थिर असताना ज्याच्याकडे गंधार असेल त्याने तो थोडा उतरवून लावला, तरच ती संगती गोड होते. आणि हा गंधार पुष्कळदा ज्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते त्या तिसऱ्या क्लॅरिनेटकडे असतो. विद्यापीठाच्या वाद्यवृंदात त्या जागी एकटा वादक बसलेला असतो. त्याचा स्वर नेमका बसला की साऱ्या सभागृहातील नाद स्वच्छ होतो. दिवसभर तिसऱ्या ओळीत बसून वाजविलेल्या मुलीस आपल्या जागेचे मोल कळावयास याहून चांगला धडा नाही.

तिसरी गोष्ट संगीताची. इंग्रज संगीतकार गुस्ताव्ह होल्स्ट यांनी १९०९ मध्ये लिहिलेली इ फ्लॅटमधील पहिली सुइट शालेय आणि विद्यापीठीय अशा दोन्ही वाद्यवृंदांच्या नित्य परिचयाची आहे. तिच्या पहिल्या भागात आठ मात्राखंडांची एक चाल आरंभी ट्यूबा व युफोनियम यांसारखी खालच्या पट्टीची वाद्ये ऐकवितात. मग तीच चाल आवर्तनामागून आवर्तन फिरत राहते आणि तिच्याभोवती इतर वाद्ये नवनवी नक्षी रचतात. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा अखंड चालू राहतो, त्याची येथे आठवण होते. मधल्या भागात तर ती चाल उलटी होऊन येते. जी रचना सकाळी आपण वाजविली तीच रात्री परिपक्व वादकांकडून ऐकावयास मिळाली, तर मुलास आपल्या वादनातील उणीव समजते. मुख्य म्हणजे ती उणीव भरून निघू शकते असा विश्वास त्याला वाटतो.

एक आक्षेप

एका स्वरपंक्तीस एक वादक हे तत्त्व शाळांनी जसेच्या तसे स्वीकारावे काय? तसे केल्यास ऐंशी मुलांच्या बँडपैकी जवळजवळ निम्म्यांना घरी बसावे लागेल. शाळेचे काम निवडक मुलांची चमक दाखविण्याचे नसून सर्वांना शिकविण्याचे आहे. म्हणून शाळेचा बँड मोठाच राहावा. मात्र आठवड्यातून एकदा त्याचे चार-पाच जणांचे गट पाडून प्रत्येक मुलास आपली स्वरपंक्ती एकट्याने वाजविण्याची संधी द्यावी. मोठ्या गटात ऊब मिळते, तर लहान गटात कान तयार होतो. विद्यार्थ्याला दोन्ही हवेत.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्या प्रदेशाला ही वाद्ये परकी नाहीत. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचावयास शिकवीत असत. त्या शिक्षणाच्या बळावर गोमंतकीय वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा ही त्यांतील ख्यातनाम नावे. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये संगीतशाळा काढली. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची जी प्रयोगजीवी कलांची विद्याशाखा आहे, तिचे मूळ याच शाळेत आहे. अलीकडच्या वर्षांत प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने शालेय बँडची राष्ट्रीय स्पर्धाही भरू लागली आहे.

उणीव आहे ती पुढच्या पायरीची. शाळा सुटली की क्लॅरिनेटही सुटते. मुलाने ज्यांच्याकडे पाहून पुढे जावे असे वादक त्याला भेटतच नाहीत. मोठा खर्च न करता यावर काही उपाय योजता येतील. जिल्ह्यातील बँड स्पर्धेच्या अखेरीस पोलीस बँडच्या, लष्करी बँडच्या किंवा संगीत महाविद्यालयाच्या वादकांस निमंत्रित करून अर्ध्या तासाचे वादन ठेवावे. ते निकाल जाहीर होण्यापूर्वी ठेवावे, म्हणजे मुले शांत चित्ताने ऐकतील. वादनानंतर त्याच वादकांना मुलांमध्ये बसवून एक रचना एकत्र वाजवावी. परीक्षकांनी केवळ गुण न देता प्रत्येक विभागास उपयोगी पडेल असे एखादे वाक्य लिहून द्यावे.

स्पर्धेचा चषक शाळेच्या कपाटात राहतो. शेजारी बसलेल्या निष्णात वादकाचा स्वर मात्र मुलाच्या कानात राहतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वर आपल्या वाद्यातून निघतो का हे पाहण्यासाठी ते मूल कपाट उघडावयास येते. बँड महोत्सवाचे यश मोजावयाचे असेल तर त्या सकाळी किती मुलांनी वाद्ये बाहेर काढली, हे शिक्षकांनी पाहावे.