आकडे ऐकून घेतले असते तर…

लग्नाची पंगत उठली, पानसुपारी झाली की आपल्याकडच्या घरांत एक वाद हमखास रंगतो. कोल्हापूरकडचा पाहुणा 'सातबारा' म्हणतो, धारवाडकडचा 'पहाणी'. एकाच प्रकारच्या कागदावरून दोघे तासभर भांडतात. समोरचा बोलत असताना आपण ऐकत नसतोच, आपली पाळी कधी येते एवढंच पाहत असतो. (आम्ही प्राध्यापक मंडळी याबाबतीत सर्वांत वाईट!) असा वाद पेटला की मला बारडोली आठवते.

सुरत जिल्ह्यातला १९२८ चा हा सत्याग्रह आपल्याला माहीत असतो तो वल्लभभाई तिथे 'सरदार' झाले म्हणून. मुळात मात्र तो आकडेमोडीचा वाद होता. बारडोली, बेळगाव, धारवाड ही सगळी तेव्हा मुंबई इलाख्यात. शेतसाऱ्याची ठरावीक वर्षांनी होणारी फेरआकारणीही सगळीकडे एकाच पद्धतीची. बारडोलीत जयकर नावाच्या अधिकाऱ्यांनी वाढलेले भाव, नवी रेल्वे, पक्की घरं अशी कारणं देऊन साऱ्यात मोठी वाढ सुचवली. वरचे अधिकारी अँडरसन यांनी ती कारणं बाजूला सारली आणि केवळ जमिनीच्या खंडावरून २९ टक्के वाढ काढली. सरकारने अखेर सुमारे २२ टक्के कायम केली.

नरहरी परीख यांनी लेख लिहून दाखवून दिलं की हा खंडाचा हिशेबच चुकला आहे. सात वर्षांच्या करारांची बेरीज करून तेवढी जमीन खंडाने दिलेली धरली होती. गहाण जमिनीवर कूळ जे भरतं ते खरं तर व्याज. तेही खंडात मोजलं होतं. एखाद्या हुशार तलाठ्याला सहज कळावी अशी ही चूक. पण सरकारचं उत्तर काय? आम्ही सगळा विचार केला आहे, आणि वल्लभभाई तर 'बाहेरचे' आहेत! मुद्द्याला उत्तर नसलं की माणूस बोलणाऱ्याचं गाव विचारतो, हे आपल्या सीमाभागात वेगळं सांगायला नको.

मग जप्त्या झाल्या, म्हशी ओढून नेल्या, जमिनी खालसा झाल्या. ऑगस्टमध्ये तडजोड होऊन चौकशी नेमली गेली. न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आणि महसूलखात्याचे मॅक्सवेल, दोघेही सरकारचेच माणसं, गावोगाव फिरले. शेतकऱ्यांना समोर बसवून एकेक करार तपासला. खंडाचे तक्ते नीट पडताळलेलेच नव्हते, असं त्यांना आढळलं. वाढ ठरली ५.७ टक्के. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच न्यायाधीश.

परवाच्या लग्नात मी सातबारा आणि पहाणी दोन्ही शेजारी ठेवून रकाने जुळवून दाखवले. दोघा पाहुण्यांनी चष्मे लावून पाहिलं, माना डोलावल्या आणि वाद गुंठे-एकरावर नेला.