पावसाळ्यात गाडी धक्के देते? आधी प्लगच्या वायरी पाहा

अकोले तालुक्यात राजूर-भंडारदऱ्याकडे पावसाळी धुके उतरले, की जुन्या पेट्रोल गाड्या हट्टाला पेटतात. एरवी ते चालून जाते. पण मध्यरात्री अडलेली बाळंतीण दवाखान्यात न्यायची असेल, तर असा हट्ट जिवावर बेतू शकतो.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे दुखणे चटकन उमगत नाही. डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. त्याला प्लग लागत नाही. पेट्रोल इंजिनाला ठिणगी हवी. कॉईलमधून निघालेली वीज हजारो व्होल्टच्या दाबाने वायरीतून प्लगपर्यंत जाते. वायरीचे रबर चिरले, उंदराने कुरतडले किंवा वर ओल, तेल व धूळ बसली, की वीज वाटेतच इंजिनाच्या लोखंडात उतरते. गाडी धक्के देते, चढाला दम टाकते, पेट्रोलही जास्त पिते.

नव्या बऱ्याच गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते, या वायरी नसतात. पण १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले, तरी खेडोपाडी त्या अजून राबत आहेत.

दोष ओळखणे सोपे आहे. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरीवर निळसर ठिणगी दिसली किंवा चटचट आवाज आला, की समजावे. मात्र चालू इंजिनात वायरीला हात लावू नये. पेट्रोलचा वास येत असेल, तर ही परीक्षा करूच नये.

वायरी घेताना आपल्या मॉडेलचाच पूर्ण संच घ्या. मूळ वायर कार्बन गाभ्याची असेल, तर तीच घ्या. नुसत्या तांब्याच्या वायरीने रेडिओत खरखर होते. गॅसवरच्या गाडीत ठिणगीला जास्त दाब लागतो, म्हणून तिथे वायरी अधिक जपाव्यात.

बसवताना इंजिन थंड हवे आणि बॅटरीची ऋण तार काढलेली हवी. सगळ्या वायरी एकदम काढू नका. एक काढा, तिच्याच लांबीची नवी त्याच जागी बसवा, मग दुसरीला हात घाला. वायर धरून ओढू नका. टोकाची रबरी टोपी धरून हलके फिरवत काढा. नवी दाबल्यावर ‘खट्’ असा आवाज आला पाहिजे. वायर गरम सायलेन्सर नळीला टेकू देऊ नका; क्लिपांत अडकवा.

वायरींची अदलाबदल झालीच, तर पेट घेण्याचा क्रम आठवा: तीन सिलिंडरच्या मारुतीत १-३-२, जुन्या चार सिलिंडरच्या पेट्रोल जीपमध्ये १-३-४-२. डिस्ट्रिब्युटर कोणत्या बाजूने फिरतो ते पाहून त्याच क्रमाने वायरी लावा.

मृग लागण्याआधी अर्धा तास काढून कोरड्या फडक्याने वायरी पुसा, कडब्याजवळ गाडी लावत असाल तर उंदरांचा बंदोबस्त करा. अडीअडचणीच्या रात्री गाडी पहिल्या चावीला सुरू व्हायची, तर तयारी अशी दिवसाउजेडीच करावी लागते.