सौर पंपाचा कंट्रोलर तापतो तेव्हा

ऐन दुपारी, पिकास पाण्याची निकड असतानाच, सौर पंप थांबतो आणि काही वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतो. कंट्रोलर बिघडला असे समजून तो बदलण्याची घाई केली जाते. वस्तुतः तो बहुधा स्वतःचे रक्षणच करीत असतो.

पॅनेलपासून येणारी डी.सी. वीज मोटारीस योग्य अशी करण्याचे काम पेटीतील चिप करतात. त्या सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात व तापतात. ही उष्णता पाठीमागील ॲल्युमिनियमच्या पात्यांवाटे हवेत जाते. पात्यांत धूळ साचली, गांधीलमाश्यांनी घर केले, अथवा पेटी भर उन्हात असली, की उष्णता कोंडते. म्हणून पेटीवर छप्पर करावे, पण हवा अडवू नये.

सफाई व सावली करूनही पंप थांबत राहिल्यास दोष विहिरीत शोधावा. गाळाने पंप अडखळला की मोटार अधिक वीज ओढते. 10 ऐवजी 12 ॲम्पिअर ही वाढ किरकोळ वाटते. परंतु तारा व जोड यांतील उष्णता 44 टक्क्यांनी वाढते आणि चिपही अधिक तापतात. कंट्रोलरच्या पडद्यावर दिसणारे ॲम्पिअर मोटारीच्या कागदपत्रांतील आकड्याशी ताडून पाहावेत. ते अधिक असल्यास नवा कंट्रोलरही तसाच तापेल. आधी पंप वर काढून तपासावा.

पात्यांची सफाई डी.सी. स्विच बंद करून पहाटे करावी, कारण ऊन असेतो पॅनेलच्या तारांत वीज असतेच. पेटी शेतकऱ्याने स्वतः उघडू नये. स्विच बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये काही मिनिटे वीज साठून राहते.